डीपीवर गिटार लावणारे बापू

बापूंचं आणि माझं भांडण पेटीच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीवरून होतं, आणि ते बावीस वर्षं चाललं. ज्यांचा पेटीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेटीवरचे सूर आम्ही पट्टीच्या रंगाने आणि नंबराने ओळखतो. पांढरी पाच आणि तिला खेटून असलेली काळी चार, या दोघींच्या मधे पेटीत काहीच नसतं. बापूंची गिटार नेमकी त्या काहीच नसलेल्या जागी लागायची. पांढरी पाचच्या वर, काळी चारच्या खाली. मी कीबोर्डवर बोट ठेवलं आणि त्यांनी तार छेडली की ऐकणाऱ्याचे दात आंबायचे.

कान कच्चा असता तर मी केव्हाच माफ करून टाकलं असतं. पण त्यांचा कान माझ्यापेक्षा पक्का होता. गिटार दर वेळी त्याच फटीत, केसभरही इकडेतिकडे न होता लागायची. कारण ते ती पेटीवर लावतच नव्हते, डीपीवर लावायचे.

डीपी म्हणजे रस्त्याच्या कडेला दोन खांबांमधे बसवलेला ट्रान्सफॉर्मर. त्याच्याखाली उभं राहिलं की एक घुमारा ऐकू येतो, अखंड, एकाच सुरातला. तुम्ही आम्ही तिकडे लक्ष देत नाही, नाक दाबून पलीकडच्या उकिरड्यापासून लवकर पुढे सटकतो. बापू मात्र कॉलनीच्या बाजारामागच्या डीपीखाली पाय रोवून उभे राहायचे, गिटारची मान कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि खुंट्या पिळायचे. येणारे जाणारे बघत राहायचे. पाच मिनिटांनी डोळे उघडून ते म्हणायचे, "लागली." आणि तिथून माझ्या डोक्याचा ताप सुरू व्हायचा.

आम्ही दोघंही परळीच्या थर्मलमध्ये, म्हणजे वीज केंद्रात, नोकरीला. ते इलेक्ट्रिकलमध्ये टेक्निशियन, मी स्टोअरमध्ये क्लार्क. कॉलनीत आमचा एक ऑर्केस्ट्रा होता, गणपतीत आणि लग्नसराईत आजूबाजूच्या गावांना जायचा. त्यात मी कीबोर्ड वाजवायचो आणि ते इलेक्ट्रिक गिटार. तोंडावर सगळे त्यांना बापू म्हणायचे, पाठीमागे डीपी. ते मला तोंडावर आणि पाठीमागे, दोन्हीकडे पेटीवाले म्हणायचे. माझ्याकडे चांगला जपानी कीबोर्ड होता, तरी पेटीवालेच.

"बापू, पांढरी पाच घ्या," मी कार्यक्रमाआधी हात जोडून सांगायचो.

"पांढरी पाच कोणी ठरवली?"

"साऱ्या दुनियेनं."

"मग दुनियेला इचारा, लाईट कुठून येती. पन्नास हाय म्हणून दुनिया चालू हाय."

हे पन्नास काय प्रकरण आहे तेही सांगून टाकतो, नाहीतर बापू समजायचे नाहीत. विजेचा एक ठोका असतो, सेकंदाला पन्नास. वीज वापरणारे वाढले, लोड चढला, की ठोका मंदावतो आणि आकडा पन्नासच्या खाली येतो. लोड कमी झाला की आकडा वर. आमच्या कंट्रोल रूममधली माणसं आठ आठ तास त्या आकड्याकडे बघत नोकरी करतात. घरी जेवायला बसली तरी बायकोला विचारतील, किती आहे. डीपीचा घुमारा याच ठोक्यातून येतो, म्हणून तो कुठेही गेलं तरी एकाच सुरात असतो. "धारूरचा पंखा अन् दिल्लीचा पंखा एका सुरात फिरतेत," बापू म्हणायचे, "तुमची पेटी शेजारच्या पेटीला जुळत न्हाई." आणि आमच्या शेजारच्या भजनी मंडळाची पेटी खरंच माझ्याशी जुळत नव्हती.

मुलाने त्यांना मोबाईलवर सूर दाखवणारं ॲप टाकून दिलं होतं. दोन दिवसांत त्यांनी ते काढून टाकलं. मी विचारलं, कावून? म्हणाले, "त्याला इचारलं तुझा सूर कुठून आला, तर सांगायला तयार न्हाई. बेवारशी सूर आपल्याला नको."

या डीपीपायी आम्ही एकदा तेलगावच्या पुढे एका गावात चांगलेच तोंडावर आपटलो. गणपतीचा कार्यक्रम होता. मांडव झगमगत होता, लाल-पिवळ्या माळा, कमानीवर फिरणारं चक्र, सगळा थाट. आमचा टेम्पो थांबला. बापू आधी उतरले. अंगात कामावरचाच खाकी शर्ट, खिशात टेस्टर, डोळ्यांवर चष्मा. मंडळाचे अध्यक्ष हार घेऊन पुढे आले, तर बापूंनी नमस्कार न करता पहिलाच सवाल टाकला, "डीपी कुठं हाय?"

अध्यक्षांचा चेहरा पडला. त्यांनी मागे बघून कोणाला तरी डोळ्याने खूण केली. दोन मिनिटांत मांडवातली सगळी लाईट गेली. गणपती अंधारात, कमान अंधारात, आम्ही अंधारात. मांडवामागून दोन पोरं बांबूने तारेवरचा चोरीच्या लाईटीचा आकडा काढून उसात पळाली, ते टेम्पोच्या दिव्यात आम्हाला स्पष्ट दिसलं. अध्यक्ष हार बापूंच्या गळ्यात घालून हळूच म्हणाले, "साहेब, पहिलीच बार हाय. सणासुदीचं मनावर घेऊ नका."

"मला सूर लावायचाय," बापू म्हणाले.

"चहा तरी घ्या साहेब."

बापूंनी गिटार काढून दाखवली, मी ओळख करून दिली, टेम्पोवाल्याने शपथ घेतली. कोणी विश्वास ठेवायला तयार नाही. साहेब गावात आहेत तोवर आकडा टाकायचा नाही, असं मंडळाचं एकमताने ठरलं. शेवटी दोन ट्रॅक्टर आणून त्यांच्या उजेडात, माइकशिवाय, नुसत्या ढोलकीवर आणि गावातून मागून आणलेल्या पेटीवर आम्ही कार्यक्रम केला. बापूंच्या गिटारला लाईटच नव्हती, म्हणून ते सतरंजीवर पहिल्या रांगेत बसून माझी पांढरी पाच ऐकत होते. अध्यक्ष त्यांना दर गाण्याला वारा घालत होते. परत येताना टेम्पोत बापू म्हणाले, "पेटीवाले, तुमी वाईट वाजवत न्हाई. पण कुणाच्या तरी घरी पाहुणे असल्यागत वाजवता."

घरात तर कहर होता. मिक्सरचा आवाज बदलला की ते स्वयंपाकघरात येऊन सांगायचे, याचं बेअरिंग जाणार, आणि आठ दिवसांत जायचं. कॉलनीतल्या बायका म्हणून त्यांना पंख्याखाली नेऊन उभं करायच्या. ते कान लावायचे, निदान सांगायचे, चहा प्यायचे आणि निघायचे. त्यांच्या घरच्यांचं देवळाकडे हार-फुलं, बेल आणि पूजेच्या सामानाचं दुकान होतं. थोरला भाऊ गादीवर बसून हिणवायचा, की आमचा हा एक खांबाखाली उभं राहून देव शोधतो. वहिनी म्हणजे बापूंची बायको. त्या अशी तक्रार करायच्या की आपल्याला हसू आवरायचं नाही. "मला बघायला आलेते तवा सैपाक येतो का इचारलं न्हाई. गाणं येतं का इचारलं न्हाई. अंगणात उभे राहिले अन् म्हनले, डीपी जवळच हाय वाटतं. आमच्या बापाला वाटलं, पोरगा लई चौकशीचा हाय."

ही गिटार त्यांच्याकडे आली कुठून, तर थर्मलमध्ये बाहेरून आलेला एक तरुण इंजिनिअर होता, एकटाच राहायचा. त्याचा पंखा दुरुस्त करायला बापू गेले, तर हा इंजिनिअर पलंगावर बसून गिटार वाजवत होता. त्यानंतर त्या क्वार्टरचा पंखा आठवड्यातून दोनदा बिघडायला लागला. कोण बिघडवत होतं ते वहिनींना ठाऊक आहे. इंजिनिअरची बदली झाली तेव्हा तो गिटार, एक छोटा स्पीकर आणि एक कॅसेट बापूंना देऊन गेला. कॅसेटवर कोणाचं नाव नव्हतं. कोणीतरी परदेशी माणूस हळूहळू गिटार वाजवतो आणि मधेच दोन ओळी गातो, एवढंच. त्याला ब्लूज म्हणतात, हा एक शब्द इंजिनिअरने जाताना शिकवला.

मी एकदा विचारलं, "बापू, ब्लूज म्हणजे नेमकं काय?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "आपल्याकडची माणसं सहा महिने ऊस तोडून घरी येतेत. आल्याबरोबर रडत न्हाईत. तोंड धुतेत अन् ओट्यावर बसतेत. कुणी बोललं तर हूं म्हनतेत. ते हूं हाय ना, ते."

वाजवायचेही तसंच. फार बोटं चालवायचे नाहीत. एक सूर लावायचा, तार बोटाने ढकलत तो वर न्यायचा, आणि ऐकणाऱ्याला वाटावं की आता पोचला, तेवढ्यात सोडून द्यायचा. मग थांबायचं. थांबणं त्यांचं फार सुंदर होतं. पण हे मी आज म्हणतोय. तेव्हा त्या थांबलेल्या जागेत मी कीबोर्डवरची सनई घुसवायचो.

कारण ऑर्केस्ट्रात थांबायला कोणाला फुरसत नसते. गाण्याच्या मधे गिटारला चार ओळींची जागा यायची, ती सुद्धा दात आंबवणारी. वरातीत पोरं ओरडायची, "ए गिटार, काय रडायला बे, वाजव की." गायक वैतागायचा. मग मी युक्ती काढली. बापू पाणी प्यायला गेले की त्यांच्या स्पीकरचं बटण मी हळूच खाली करून ठेवायचो. ते यायचे, तार छेडायचे, आवाज कमी झालाय हे त्यांना पहिल्या सुरात कळायचं. एकदाही त्यांनी तो वाढवला नाही.

आता आणखी एक सांगतो, ते मी अजून घरात कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या कीबोर्डला सूर वर-खाली करायचं बटण होतं. अधिकचं एक, उणेचं एक. कीबोर्डसोबत जे पुस्तक आलं त्यात चित्रासकट दिलेलं होतं आणि मी ते पहिल्याच आठवड्यात वाचलं होतं. अधिकचं बटण मोजून काही वेळा दाबलं असतं तर माझी पांढरी पाच बापूंच्या फटीत जाऊन बसली असती. गायकाला फरक कळला नसता, वरातीला तर अजिबात नाही. पण सारी दुनिया पांढरी पाचमध्ये आणि मी या खांबाखालच्या माणसासाठी दुनिया हलवू? बावीस वर्षं मी बटणाला बोट लावलं नाही. गर्व म्हणा, हलकटपणा म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.

बापूंच्या निवृत्तीचा महिना आला, मे. आमच्या कॉलनीची रीत अशी की निवृत्त होणाऱ्याला क्लबमध्ये बोलवायचं, शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ, मोठ्या साहेबांचं भाषण, मग समोसे. निवृत्त होणारा भाषणात रडतो आणि समोसे गार होतात. तेव्हा मी क्लबचा सेक्रेटरी होतो. बापू माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"पेटीवाले, शाल नको. घड्याळ नको. भाषण तर बिलकुल नको. मला वीस मिन्टं द्या."

"वाजवायला?"

"वाजवायला मला डीपीखाली बी येतं. माणसं पाहिजेत. बसलेली. मांडवात माणूस एक तर जेवतो, न्हाईतर नाचतो. एवढी वर्षं झाली, मला बसून कुणी ऐकलं न्हाई. वीस मिन्टं माणसं खुर्चीत बसली पाहिजेत, बस."

मी हसत म्हणालो, घाई काय आहे, निवृत्तीनंतर वाजवत बसा.

"आमी धारूरला शेतातल्या घरी चाललो. तिथून डीपी दीड कोस हाय. सूर लावून घरी येईस्तोर उतरतो. ही शेवटचीच समजा."

ते अगदी साध्या आवाजात बोलले, बस किती वाजता आहे हे सांगावं तसं. मी उगाच टेबलावरचे कागद आवरायला लागलो.

कमिटीपुढे विषय ठेवला तर क्लबचे अध्यक्ष म्हणाले, गाणं नाही, भाषण नाही, नुसती गिटार, आणि ती पण डीपीची? कोण बसेल? घासाघीस होऊन असं ठरलं की वीस मिनिटं द्यायची, पण सेक्रेटरीने कीबोर्ड स्टेजवर तयार ठेवायचा. पहिला माणूस उठला रे उठला, की गिटार बंद आणि सगळ्यांच्या आवडीची गाणी सुरू. म्हणजे बापूंच्या मानेवरची सुरी माझ्याच हातात दिली. मी बापूंना हे सांगितलं. ते म्हणाले, "बरं हाय. तुमी असलाच पाहिजे."

कार्यक्रम संध्याकाळी सहाचा. क्लबच्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं. तीन कूलर, बारा पंखे, सगळे चालू, तरी कपाळावरून घाम. बापू दुपारीच डीपीखाली जाऊन सूर लावून आले होते. पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी दिसणारा. वहिनी तिसऱ्या रांगेत, मांडीवर पदर आवळून. बापू खुर्चीत बसले, स्पीकरची पिन लावली, आणि बाहेर धुळीची वावटळ उठली. खिडक्या आपटल्या. लाईट गेली.

क्लबमागे जुना जनरेटर होता. तो दोन आचके देऊन चालू झाला. पंखे पुन्हा फिरायला लागले, कूलर घरघरले, लोकांनी हुश्श केलं. बापूंनी एक तार छेडली आणि तळहाताने लगेच दाबून धरली.

"हे पन्नास न्हाई," ते म्हणाले.

स्पीकरमधून एक मंद गुणगुण येत होती, जनरेटरची. ती खाली होती आणि गिटार वर. दोघांच्या मधे तीच ती दात आंबवणारी फट. बापूंनी खुंटीला हात लावला नाही, सूर उतरवला नाही. नुसते बसून राहिले. मिनिट गेलं. मागे खुसपूस सुरू झाली. कोणीतरी समोशाच्या टेबलाकडे मान वळवली. अध्यक्षांनी मला बोटाने खूण केली, तयार राहा. माझं बोट पांढरी पाचवर होतं, आणि गंमत बघा, जनरेटरची ती दबलेली गुणगुण बरीचशी माझ्याच सुराकडे झुकलेली होती. बावीस वर्षांनी आज यंत्रसुद्धा माझ्या बाजूने आलं होतं. मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

पहिल्या रांगेत एक मामा बसले होते, कंट्रोल रूमचे जुने ऑपरेटर, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेले. त्यांनी काठीवर हनुवटी टेकवून विचारलं, "किती हाय, बापू?"

बापूंनी स्पीकरला कान लावला. "साडेअठ्ठेचाळीस. जरा कमीच."

मामांनी खिडकीतल्या माणसाला काठीने दाखवलं. तो मागे जनरेटरच्या मीटरकडे गेला आणि तिथून ओरडला, "अठ्ठेचाळीस पॉइंट चार."

ज्या माणसाला आम्ही एवढी वर्षं पाठीमागे डीपी म्हणून हसलो, त्याचा कान मीटरशी जुळला होता. आणि समोर बसलेली माणसं कोण होती? निम्मी त्याच आकड्याकडे बघत म्हातारी झालेली.

"मग बघताय काय," मामा म्हणाले, "लोड कमी करा की."

पहिला कूलर बंद झाला. गुणगुण किंचित चढली. बापूंनी तार छेडली, मान हलवली, बोट वर केलं. अजून. दुसरा कूलर. तिसरा कूलर. "एकोणपन्नास पॉइंट दोन," खिडकीतून. मग पंखे. भिंतीकडची माणसं बसल्या जागेवरून हात लांब करून बटणं बंद करायला लागली. एक पंखा, दोन पंखे, पाच. मे महिन्यात, परळीत, बंद हॉलमध्ये. बायका पदराने वारा घ्यायला लागल्या. बापूंचं बोट वरच. शेवटचा पंखा मोठ्या साहेबांच्या डोक्यावर होता आणि त्याचं बटण लांबच्या खांबावर. कोणाची हिंमत होईना.

मोठे साहेब स्वतः उठले. पहिला माणूस उठला की मी सुरू करायचं, असं ठरलं होतं. अध्यक्ष माझ्याकडे बघत होते. साहेब खांबापर्यंत गेले, पंखा बंद केला आणि परत येऊन खुर्चीत बसले.

बापूंनी तार छेडली. "थोडं जास्त झालं. एक ट्यूब लावा."

ट्यूब लागली. बापूंनी तळहात वर केला, "बस."

खिडकीतून आवाज आला, "पन्नास."

मामांनी डोळे मिटले. आणि बापूंनी वाजवायला सुरुवात केली.

काय वाजवलं ते मला नीट सांगता येणार नाही. गाणं नव्हतं, त्यामुळे कोणतं ते सांगायची सोय नाही. पहिला सूर जनरेटरच्या गुणगुणीतूनच वर आला, खालची गुणगुण कुठे संपली आणि तार कुठे सुरू झाली ते कळलं नाही. मग तो वर वर ढकलला गेला, पोचतो पोचतो असं वाटलं आणि सुटला. बापू थांबले. त्या थांबलेल्या जागेत माझ्या सनईशिवाय काय असतं ते मी पहिल्यांदा ऐकलं. घामाने निथळलेली सत्तर माणसं होती आणि कोणी खोकतही नव्हतं. वहिनींनी पदर सोडून दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

मी माझ्या कीबोर्डचा आवाज पार बारीक केला. मग अधिकचं बटण दाबायला सुरुवात केली. एकदा दाबायचं, पांढरी पाचवर कान लावायचा, पुन्हा दाबायचं. मोजत होतो. पस्तीस वेळा दाबलं आणि फट मिटली. एवढंच अंतर होतं. मग आवाज थोडा वाढवून मी ती एकच पट्टी दाबून धरली, नुसती धरली, बाकी काही नाही. बापूंनी मान वळवून एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा तारेकडे बघायला लागले. त्यांचा पुढचा सूर त्या धरलेल्या सुरावर येऊन टेकला.

वीस मिनिटं झाली तेव्हा त्यांनी स्वतःच पिन काढली. लाईट मधेच केव्हातरी आली असावी, बाहेर रस्त्यावर दिवे होते, पण जनरेटर बंद करायला कोणी उठलं नव्हतं. टाळ्या थोड्या उशिरा आल्या. समोसे गार झाले होते, ते रीतीप्रमाणेच झालं.

लोक पांगल्यावर मी वायरी गुंडाळत होतो. बापू गिटार खोळीत घालत होते.

"बटण होतं म्हणायचं," ते म्हणाले.

"होतं."

"मला ठाऊक होतं. तुमच्या पेटीचं पुस्तक एकदा टेम्पोत राहिलतं, तवा वाचलं."

मी वायर खाली ठेवली. "मग बोललात कावून न्हाई?"

"सांगून दाबलं असतं तर लोड उतरला नसता, पेटीवाले." त्यांनी खोळीची चेन ओढली. "अन् आमचं बटण तुमी खाली करायचा, तेबी ठाऊक होतं. गायकाचा गळा बसलेला असायचा त्या दिवशी कमी केलेलं बरंच असायचं. बाकीच्या दिवशी लई राग यायचा."

पुढच्या आठवड्यात ते धारूरला गेले. शेतातलं घर, समोर डोंगर, डीपी दीड कोस. मला वाटलं, संपलं. दोन महिने काही खबर नाही. मग एका रविवारी सकाळी मी दाढी करत होतो, फोन वाजला.

"पेटीवाले, बटण तसंच ठेवलंय का?"

ते तसंच होतं. नातीच्या शाळेतल्या गाण्यांशी जुळत नाही म्हणून घरात रोज कुरकुर चालते, पण मी कोणाला हात लावू दिलेला नाही.

"तसंच हाय, बापू."

"मग पन्नास द्या."

मी अर्ध्या दाढीनिशी कीबोर्ड चालू केला, एका हाताने फोन स्पीकरजवळ धरला आणि दुसऱ्या हाताने ती पट्टी दाबली. पलीकडून खुंट्या पिळल्याचा बारीक आवाज येत राहिला. तेव्हापासून दर रविवारी त्यांचा फोन येतो. पहिली तार, दुसरी तार, तिसरी तार. मधे हात अवघडतो. मी पट्टी सोडत नाही. तिकडून ते "लागली" म्हणेपर्यंत धरून ठेवतो.